मिस्ड कॉलवर आलेली गोंडी

भोपाळच्या एका रेल्वे स्थानकाला २०२१पासून राणी कमलापतीचं नाव आहे. ती गोंड राणी. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी याच शहरातल्या भारत भवनात आणलं आणि गोंडांची चित्रं जगभर पोचली. बोली मात्र रानातच राहिली. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख होते, आपल्या गडचिरोली-चंद्रपुरातले धरून. तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

अशा बोली बोलणाऱ्यांसाठी पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी फेब्रुवारी २०१०मध्ये फोनवरून चालणारं ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. त्याचं काम पुढे भोपाळहूनही चाललं. गावकरी नंबर लावतो आणि रिंग गेली की कापतो. थोड्या वेळात संगणकच त्याला उलटा फोन करतो. बोलायचं असेल तर १ दाबा, ऐकायचं असेल तर २. येणाऱ्या कॉलचे पैसे २००३पासून आपल्याकडे पडत नाहीत, त्यावरच ही सगळी मांडणी उभी आहे. कुणी सांगतो हातपंप बंद आहे, कुणाची रोजगार हमीची मजुरी अडलेली, मध्येच एखादं गाणं. मॉडरेटर ऐकतात, खातरजमा करतात, मगच ते इतरांना ऐकू येतं. तक्रार असेल तर बोलणारा संबंधित अधिकाऱ्याचा नंबरही सांगतो, म्हणजे ऐकणारे त्याला फोन करू शकतात.

या फोनच्या पोटात ‘ॲस्टरिस्क’ नावाचं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या हंट्सव्हिलमध्ये मार्क स्पेन्सर या तरुणाला स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज परवडत नव्हतं. म्हणून १९९९मध्ये त्याने ते साध्या संगणकावर चालेल असं लिहिलं आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. नाव घेतलं फोनवरच्या तारका-चिन्हाचं. १चं बटण दाबलं की ६९७ आणि १२०९ हर्ट्‌झचे दोन सूर एकदम उमटतात. सॉफ्टवेअर ते ओळखून पुढची वाट उघडतं. माणसाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि इंटरनेटवरून जाताना साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पुढे सरकतो. तुकडा उशिरा आला की शब्द तुटतो. हिंदी तुटली तरी अंदाजाने जुळवता येते. जी भाषा मॉडरेटरलाही नवी असेल, तिथे अर्धा शब्द म्हणजे अर्धी तक्रार हरवली.

कोड खुला होता म्हणूनच हे जमलं, असं मी ठामपणे म्हणतो. विकतच्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक जादा सोयीला परवाना आणि शुल्क लागलं असतं. इथे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले बिल थीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्टरिस्कवर ‘ऑडिओ विकी’ रचलं आणि त्यावर ‘स्वर’ उभं राहिलं. मिस्ड कॉल ओळखून उलटा फोन करणं ही आपल्याच मातीतली सवय आहे. ती यंत्रात घालायला कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

तरी टॉवर नसलेल्या गावात ॲस्टरिस्कही मुका. तिथे निघाला ‘बुल्टू रेडिओ’. रेंजमध्ये जाऊन आलेला माणूस ‘स्वर’चं बुलेटिन मोबाइलमध्ये उतरवून आणतो आणि ब्लूटूथने शेजाऱ्याला देतो. शेजाऱ्याच्या मोबाइलवरून ते पुढच्या पाड्यावर जातं.