व्हिटॅमिन 'डी'चा रिपोर्ट : आकड्याआधी माप तपासा

बारामती आणि इंदापूरच्या बाजारपेठेत गादीवर बसणारे दुकानदार, मशीनवर वाकलेले शिंपी, घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनी, सर्वांचा दिवस छपराखालीच जातो. ऊन अंगाला लागत नाही. हाडे दुखू लागली की व्हिटॅमिन 'डी'ची तपासणी होते. ही तपासणी स्वस्त नाही. त्यातच एका ठिकाणचा रिपोर्ट १८ आणि दुसऱ्या ठिकाणचा २३ आला, तर एकावर 'कमतरता' आणि दुसऱ्यावर 'अपुरे' असे छापलेले असते. मग खरे कोणते मानायचे?

फरक का पडतो?

रक्तात 'डी' अत्यल्प असते आणि तेही प्रथिनाला चिकटलेले. ते सोडवून मोजावे लागते. बहुतेक प्रयोगशाळा इम्युनोअसे यंत्रावर मोजतात. प्रत्येक कंपनीच्या यंत्राचे माप थोडे वेगळे पडते. मास स्पेक्ट्रोमेट्री ही पद्धत अधिक अचूक, पण महागडी. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेतल्या असतील, तर काही यंत्रांवर आकडा खोटाच वाढलेला दिसतो.

२०१० साली अमेरिकेत या मोजमापांचा मेळ घालण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याने प्रयोगशाळांसाठी १० टक्क्यांपर्यंतचे चढउतार मान्य धरले. म्हणजे चांगल्या प्रयोगशाळेतही २० च्या रक्ताचा आकडा १६ ते २४ च्या दरम्यान कुठेही येऊ शकतो. वरचे १८ आणि २३ एकाच माणसाचे असू शकतात!

मोठ्यांचीही चूक होते. अमेरिकेतील क्वेस्ट डायग्नोस्टिक्स या बड्या कंपनीचे हजारो 'डी' रिपोर्ट सदोष निघाले. २००९ च्या जानेवारीत ही गोष्ट वृत्तपत्रांतून उघड झाली. कंपनीला डॉक्टरांना कळवून फेरतपासणी मोफत करून द्यावी लागली.

सीमारेषाही पक्की नाही. अमेरिकेच्या एन्डोक्राइन सोसायटीने २०११ साली २० च्या खाली 'कमतरता' आणि ३० च्या खाली 'अपुरे' असे ठरवले होते. २०२४ साली त्याच संस्थेने त्या आकड्यांचा आग्रह सोडला आणि निरोगी माणसांची सरसकट तपासणी नको, असे सांगितले.

काय करावे?

कापड घेताना भाव गजाचा की मीटरचा, हे आपण आधी विचारतो. इथेही तेच करावे. २० नॅनोग्राम म्हणजेच ५० नॅनोमोल. एकक न पाहता दोन रिपोर्टची तुलना करू नये.

रिपोर्टवर '२५-हायड्रॉक्सी' लिहिले आहे का, पाहावे. साठा त्यातूनच कळतो. एनएबीएलची मान्यता तपासणीनिहाय असते. म्हणून नुसता शिक्का पाहून थांबू नये, 'डी'ची तपासणी त्या मान्यतेत आहे का, ते विचारावे.

फेरतपासणी त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने, साधारण तीन महिन्यांनी करावी. उन्हाळ्याचा आकडा हिवाळ्याशी ताडू नये. बायोटिन घेत असल्यास आधी सांगावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका आकड्यावर घाबरून स्वतःच औषध सुरू करू नये. ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक घ्यायची असते. ती रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला धोका पोहोचतो. आकडा सीमेवर असेल तर लक्षणे, आहार, ऊन आणि आकडा असा चारींचा हिशेब डॉक्टरांकडूनच मांडून घ्यावा.