कमरपट्टा ते बेल्ट : शोभा कशाने वाढते?

नांदुरा : लग्नसराईत नऊवारीवर चढणारा कमरपट्टा असो वा कुर्त्यावर बांधलेला बेल्ट, दोहोंचे कार्य एकच, पाहणाऱ्याची नजर कमरेवर आणणे. पॅरिसच्या ख्रिश्चन दिओर यांनी १९४७ मध्ये आवळलेल्या कमरेचा पेहराव मांडला. मराठी स्त्रीला ही किमया त्याआधीच ठाऊक होती. रुंद आणि विरोधी रंगाचा पट्टा शरीराचे दोन भाग करतो. त्यामुळे ठेंगणी व्यक्ती अधिकच ठेंगणी भासते. वस्त्राच्याच रंगाचा अरुंद पट्टा उभी रेषा अखंड ठेवतो. पोट सुटले असल्यास पट्टा आवळू नये. फुगवटा लपण्याऐवजी उठून दिसतो. आवड ज्याची त्याची. तथापि पंगतीत मांडी घालून सुखाने जेवता यावे, इतपत सैल पट्टाच अखेर शोभून दिसतो.