दाद कोठे मागावी?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या वडीलधाऱ्यांनी कोकणातून येताना बरोबर आणली. परंतु पायरी चढणे भागच पडले, तर ती कोणत्या न्यायालयाची, आणि तेथे हरल्यास पुढे कोठे जावयाचे, हे या देशात कनेसेट ठरविते. हा प्रश्न केवळ वकिलांचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

ब्रिटिश अमदानीपासून सरकारी हुकुमाविरुद्ध दाद मागणारा नागरिक थेट यरुशलेमच्या सर्वोच्च न्यायालयात, म्हणजे ‘बागात्स’मध्ये, जात असे. तेथील निकालावर अपील नाही. २००० साली कनेसेटने कायदा करून घरपट्टी, बांधकाम, टेंडरे यांसारखे अनेक तंटे जिल्हा न्यायालयांकडे सोपविले. दिमोनाच्या रहिवाशास आता अशा कामी प्रथम बेर शेवा गाठावे लागते. तेथे हरल्यास यरुशलेमला अपिलाचा हक्क उरतो. वाट लांबली, परंतु एकाऐवजी दोन वेळा गाऱ्हाणे ऐकले जाते.

घटस्फोटाची गोष्ट निराळी. १९५३ च्या कायद्याने तो रब्बानी न्यायालयाकडे आहे, आणि अपील यरुशलेमच्या वरिष्ठ रब्बानी न्यायालयाकडे. त्यापुढे बागात्स, १९८४ च्या मूलभूत कायद्यानुसार, मुख्यतः अधिकारकक्षेपुरतेच पाहते. मालमत्तेचा वाद मात्र कुटुंब न्यायालयात गेला, तर अपील जिल्हा न्यायालयात जाते. एकाच घरचे भांडण. पण अर्ज प्रथम कोणी व कोठे केला, यावर पुढील सारी वाट अवलंबून राहू शकते.

कायदेमंडळास हा अधिकार नसावा, असे आम्ही म्हणणार नाही. १९६२ साली मुख्य रब्बीखात्याने आपल्या विवाहांपूर्वी वंशचौकशीचा आदेश काढला, तेव्हा आपल्या माणसांनी यरुशलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये कनेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि पुढे त्या आदेशातून आपल्या समाजाचे नाव वगळले गेले. ती दाद लोकप्रतिनिधींकडेच लागली.

तथापि वाट आखणे वेगळे आणि दार लावून घेणे वेगळे. जो कायदा एक दार बंद करतो, त्याने दुसरे उघडे ठेविले आहे काय, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. आणि निकाल हाती पडताच घडी घालून कपाटात न ठेवता, अपील कोठे व किती दिवसांत, हे त्याच दिवशी वकिलास विचारावे. मुदत टळली की उघडे दारही बंदच.