सुटींतले खेळ : जुने आणि नवे

वार्षिक परीक्षा आटोपली कीं विद्यार्थ्यांच्या मनांत एकच विचार घोळूं लागतो, आणि तो म्हणजे सुटीचा. मे महिन्याच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारें सहा आठवडे शाळेची घंटा वाजत नाहीं. हा काळ खेळण्याचा आहे, याविषयीं वाद नाहीं. सृष्टि निर्माण केल्यावर परमेश्वरानेंहि सातव्या दिवशीं विसावा घेतला, असें पवित्र शास्त्र सांगतें. आणि जखऱ्या संदेष्ट्यानें ज्या सुखी यरुशलेमेचें चित्र रेखाटलें आहे, तिच्या रस्त्यांत मुलगे व मुली खेळत आहेत. तेव्हां मुलांनीं खेळावें हें सर्वांस मान्यच आहे. कोणता खेळ खेळावा, किती वेळ खेळावा, आणि खेळ संपल्यावर पदरांत काय उरावें, एवढ्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आमच्या जव्हार व मोखाडा तालुक्यांत सुटीचा अर्थ सर्व घरीं सारखा नसतो, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पावसाळ्यांत येथें मुसळधार पाऊस कोसळतो. परंतु तें पाणी डोंगरउतारावरून वाहून जातें, आणि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक पाड्यांच्या विहिरी तळ गांठतात. मग डोक्यावर हंडा घेऊन दूरच्या झऱ्यावर जाण्याचें काम बहुधा बायकांच्या व मुलींच्या वांट्यास येतें. कित्येक कुटुंबें दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंस वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठीं जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांपुढें वेळ कसा घालवावा हा प्रश्न कधींच उभा राहत नाहीं. ज्यांना सहा आठवड्यांची मोकळीक लाभते, त्यांनीं ती एक देणगी आहे हें ओळखावें, आणि देणगीचा हिशेब ठेवावा लागतो हेंहि विसरूं नये.

हा हिशेब करून पाहणें कठीण नाहीं. एखादा मुलगा सुटींत रोज ४ तास मोबाईल फोनवर खेळला, तर ४२ दिवसांत १६८ तास होतात. म्हणजे रात्र व दिवस मिळून पूर्ण ७ दिवस झाले. शाळेचा दिवस ६ तासांचा धरिला, तर हे २८ दिवस होतात; जणूं एक महिन्याहून अधिक काळची शाळा त्यानें त्या लहानशा पडद्यापुढें भरविली ! एवढ्या काळांत तो तेथें काय शिकला, असें कोणी विचारल्यास त्याला उत्तर देतां आलें पाहिजे.

हा पडदा आपल्या घरांत कसा आला, हें पाहूं. भारतांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला, आणि मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९८७-८८ सालीं रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका रविवारीं सकाळीं लागे, तेव्हां ज्याच्या घरीं संच असे त्याच्या ओटीवर सारी आळी लोटत असे. मालिका संपली कीं संच बंद होई व माणसें आपापल्या कामास लागत. पुढें मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद पडल्या व पाठ मोबाईल फोनवरून येऊं लागले. कित्येक घरांत स्मार्टफोनचा प्रवेश मुलांच्या अभ्यासाच्या निमित्तानेंच झाला. यथाकाल अभ्यास पुन्हां शाळेंत गेला, फोन मात्र घरींच राहिला. त्यावरची चित्रफीत संपली कीं दुसरी आपोआप सुरू होते. पूर्वींच्या मालिकेस शेवट होता; या प्रवाहास शेवट ठेवलेलाच नाहीं.

व्हिडिओ गेम हा तसा जुनाच शोध आहे. १९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहेव्हन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं एका मापनयंत्राच्या गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडून दाखविला. १९७२ सालीं अटारी या कंपनीनें 'पाँग' नांवाचा खेळ बाजारांत आणिला, आणि तेव्हांपासून या धंद्याची भरभराट होत गेली. हे सर्वच खेळ वाईट आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. कांहींत नजर व हात यांची चपलता लागते, कांहींत पुढच्या दहा चालींचा विचार करावा लागतो, आणि फोनवरहि उत्तम बुद्धिबळ खेळतां येतें.

मग हातांतून फोन सुटत कां नाहीं ? यामागें एक युक्ति आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चोंचीनें कळ दाबल्यावर दर वेळीं दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होतांच कबूतर थोड्याच वेळांत कळ दाबणें सोडून देतें. परंतु दाणा केव्हां मिळेल याचा कांहींच नेम नसेल, तर तें पुष्कळ वेळ कळ दाबीतच राहतें. अनेक व्हिडिओ गेमांत बक्षिसांची रचना अशीच अनिश्चित ठेविलेली असते. 'आतां मिळेल, पुढच्या खेपेस मिळेल' या आशेनें खेळणारा बसून राहतो. मुलाला वाटतें, मी खेळतों आहें. वस्तुतः पुष्कळ वेळां खेळच त्याला खेळवीत असतो.

याचा परिणाम किती दूरवर जातो हें पालकांनीं जाणून घ्यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या वर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ति तयार केली, ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली असून तींत 'गेमिंग डिसऑर्डर' म्हणजे खेळाच्या आहारीं जाण्याचा विकार समाविष्ट आहे. त्याचीं लक्षणें तीन आहेत. खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणें, हें पहिलें. इतर सर्व कामांपेक्षां व आवडींपेक्षां खेळालाच महत्त्व येत जाणें, हें दुसरें. आणि नुकसान दिसत असूनहि खेळणें चालूच राहणें, हें तिसरें. ही स्थिति सामान्यतः १२ महिने टिकली म्हणजे वैद्य तिला विकार म्हणतात. त्यामुळें सुटींत चार दिवस अधिक खेळलेल्या मुलास कोणी रोगी ठरवूं नये. परंतु वरील लक्षणांचा मागमूस दिसतांच सावध व्हावें. तसेंच १३ ते १८ वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोप आवश्यक असते. पांघरुणाखालीं चाललेला खेळ सर्वांत आधीं या झोपेचीच चोरी करतो.

पैशाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांपायीं अनेक कुटुंबें कर्जबाजारी झाल्यावर संसदेनें २०२५ सालीं कायदा केला. त्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली. अशा खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर या कायद्यानें बंदी घातली आहे. तथापि साध्या खेळांतहि पात्रांचे पोशाख व हत्यारें विकत घेण्याचा मोह पेरून ठेविलेला असतो. वीटभट्टीवरील मजुरीचे पैसे ज्या फोनमधून घरीं येतात, तोच फोन अजाण हातांत असेल, तर तो मोह किती महाग पडेल हें सांगावयास नको.

आतां तिसऱ्या प्रकाराकडे वळूं. हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचित नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत चारपांच जण टेबलाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगूं लागतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी वाटाड्या. 'पुढें नदीला पूर आला आहे, काय कराल ?' असें सूत्रधारानें विचारलें म्हणजे सर्वांनीं आपसांत विचार करून उपाय सांगावयाचा, आणि तो साधला कीं फसला हें फांसे टाकून ठरवावयाचें. यास पडदा लागत नाहीं, वीजहि लागत नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं ख्रिस्ती लोकांनीं, या खेळांत भुताखेतांचीं व जादूटोण्याचीं वर्णनें येतात म्हणून, त्याविरुद्ध मोठी ओरड केली. गोष्ट कोणती निवडली आहे हें पालकांनीं पाहावें, हें योग्यच आहे. परंतु खेळाच्या रीतींत दोष नाहीं. एकत्र बसणें, दुसऱ्याचें ऐकणें, आपल्याहून वेगळ्या माणसाच्या जागीं स्वतःस ठेवून पाहणें, हे गुण त्यांत वाढीस लागतात.

आणि सोंग घेण्याची कला आपण अमेरिकेकडून शिकावी असेंहि नाहीं. आमच्या या भागांतला बोहाडा कोणास ठाऊक नाहीं ? मोखाड्याच्या जगदंबेच्या उत्सवांत व आसपासच्या कित्येक गांवीं देवदेवता, राक्षस व पुराणांतील वीर यांचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर, रात्रभर सोंगें नाचविलीं जातात. कित्येक ठिकाणीं अमुक सोंग अमुक घराण्यानें आणावयाचें, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. धर्ममताचा प्रश्न बाजूस ठेवून पाहिलें, तरी त्यांतील शिस्त वाखाणण्याजोगी आहे. मुखवटा जड असतो, पावलें ठरलेलीं असतात, आणि तीं बापानें मुलास व आजोबानें नातवास शिकविल्यावांचून येत नाहींत. तारप्याचा नाचहि असाच. तारपा वाजविणारा पुढें वळला कीं हातांत हात गुंफलेली सारी सांखळी त्याच्याबरोबर वळते. एकाचें पाऊल चुकलें तर शेजाऱ्यास तें तत्काळ कळतें.

येथें आपणांस खेळ पारखण्याची कसोटी सांपडते. ज्या खेळांत तुमची जागा रिकामी राहिली असतां कोणास तरी तुमची उणीव भासते, तो खेळ तुम्हांस घडवितो. तारप्याच्या सांखळींत, आट्यापाट्यांच्या पाटीवर, सूत्रधाराच्या गोष्टींत, एवढेंच नव्हे तर भावंडांनीं मिळून खेळलेल्या व्हिडिओ गेमांतहि अशी जागा असते. पण एकट्यानें कोपऱ्यांत बसून, अर्ध्या रात्रीं, अनोळखी पडद्यावर बोटें फिरविणाराची जागा कोणती ? तो उठून गेला तर तेथें कोणाच्या डोळ्यांस पाणी येणार नाहीं. परंतु घरांतली त्याची जागा मात्र त्या वेळीं रिकामीच असते. पाण्याचा हंडा एकटी बहीण आणते आणि आजीची गोष्ट ऐकावयास कोणी उरत नाहीं. सर्वांत मोठें नुकसान हें आहे. कारण वाया गेलेला पैसा पुन्हां मिळवितां येतो, पण आजोबांबरोबर गेलेलीं पावलें आणि गाणीं पुन्हां मिळत नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, या सुटींत एक प्रयोग करून पाहा. एक वही, एक पेन्सिल व सापशिडींतला एक फांसा एवढेंच साहित्य पुरे. गोष्ट आपल्याच मुलुखाची घ्या. एका पाड्याची विहीर आटली आहे व पावसाला अजून एक महिना अवकाश आहे. एकानें सूत्रधार व्हावें. इतरांनीं सरपंच, पाणी आणणारी मुलगी, टँकरचा चालक, रानाची माहिती असलेला वृद्ध, अशीं पात्रें घ्यावींत. अडचण सूत्रधारानें सांगावी, उपाय सर्वांनीं मिळून शोधावा. फांशावर ४, ५ किंवा ६ पडले तर उपाय साधला. १, २ किंवा ३ पडले तर फसला, आणि पुन्हां नवा विचार करावयाचा. मुलगा असेल त्यानें अवश्य पाणी आणणाऱ्या मुलीचें पात्र घ्यावें. तिच्या डोक्यावरील ओझें त्यास खेळांत कळलें, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो स्वतः हंडा उचलील, अशी मला आशा आहे. दुसरी गोष्ट इतिहासांतली घेतां येईल. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जातांना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले होते, असें सांगतात. त्या मुक्कामावरून उत्तम खेळ रचतां येईल, आणि तो रचण्यासाठीं इतिहासाचें पुस्तक आपण होऊन उघडावें लागेल.

पालकांसहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. फोन हिसकावून घेतल्यानें मुलाच्या हातांतला फोन जाईल, मनांतला जाणार नाहीं. त्याऐवजीं वेळ आधींच ठरवावा व खेळ सुरू होण्यापूर्वींच तो कधीं थांबेल हें मुलाकडून वदवून घ्यावें. रात्रीं सर्वांचे फोन, वडिलांचा व आईचा धरून, एकाच फळीवर ठेवावेत. पैशाच्या देवघेवीचा गुप्त अंक मुलांस सांगूं नये. मूल काय खेळतें तें एकदां शेजारीं बसून पाहावें. निंदा करण्यापूर्वीं ओळख करून घेणें हा न्याय आहे. आणि रोज थोडा वेळ आपण स्वतः मुलांबरोबर खेळावें, मग तो सोंगट्यांचा डाव असो वा अंगणांतली लगोरी. ज्या घरांत मुलांशीं खेळावयास कोणी असतें, त्या घरांत फोनला दुसरा नंबर पत्करावा लागतो.

जूनमध्यें पाऊस येईल, भट्ट्यांवरून कुटुंबें परततील, आणि शाळेची घंटा पुन्हां वाजेल. त्या दिवशीं बांकावर शेजारीं बसणारा सोबती विचारील, 'सुटींत काय केलेंस ?' त्याला सांगण्यासारखें ज्याच्यापाशीं कांहीं असेल, त्याची सुटी सत्कारणीं लागली असें समजावें.