मागच्या चाकाचा हिशेब

पुण्याहून गोव्याकडे निघालेल्या ॲडव्हेंचर मोटरसायकली कराडच्या किंवा निपाणीच्या पेट्रोल पंपावर थांबतात, तेव्हा त्यांच्या मागच्या चाकांकडे जरा वाकून पाहावं. मधोमध घासून गुळगुळीत झालेला एक सपाट पट्टा दिसतो. दोन्ही कडांना मात्र साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस अजून शाबूत असतात. गोल टायर चौकोनी झालेला असतो. या गाड्या डांबरावर आणि काँक्रीटवर, सामान आणि बहुधा मागे एक माणूस घेऊन, एका वेगात सरळ चालल्या आहेत. ओढ्यातल्या गोट्यांच्या किंवा चिखलाच्या खुणा क्वचितच सापडतात. तरीही त्यांतल्या कितीतरी गाड्यांवर खोल गुटक्यांचा टायर, ज्याला टायरवाले बटण टायर म्हणतात, तो बसवलेला असतो.

हे चित्र वाळवंटातून आलं. 1980 साली बीएमडब्ल्यूने आर 80 जी/एस काढली. पुढच्याच वर्षी युबेर ओरिओलने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली आणि उंच गाडी, रुंद हँडल, जाड गुटक्यांचे टायर ही जोडणी लोकांच्या मनात पक्की बसली. 2004 मध्ये इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे अभिनेते मोटरसायकलींवर लंडनहून निघून मंगोलिया-सायबेरियामार्गे न्यूयॉर्कला पोचले. त्या प्रवासाच्या मालिकेने हे वेड जगभर नेलं. आपल्याकडे 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, पुढे चाकणच्या कारखान्यातून केटीएम 390 ॲडव्हेंचर निघाली. मंगोलियाच्या चिखलात गुटके हवेतच. पण महाराष्ट्रातल्या स्वाराचे वर्षभरातले बहुतेक किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग 48 आणि 66 यांवर, सह्याद्रीच्या घाटांत आणि शहरातल्या गर्दीत जातात. समृद्धी महामार्गावर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. टायर निवडताना पहिला प्रश्न आपण कुठे जाऊ इच्छितो हा नसून गेल्या वर्षी आपण खरोखर कुठे गेलो हा आहे.

टायर झिजतो म्हणजे काय होतं, ते समजून घेतलं तर निवड बरीच सोपी होते. मागच्या चाकावर 200 किलो भार आहे आणि हवा 36 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच किलो आहे, असं धरू. मग रस्त्याला टेकलेली जागा साधारण 80 चौरस सेंटीमीटर भरते, तळहाताएवढी. इंजिनाचा सगळा जोर, सगळं ओझं, घाटातलं सगळं वळण या एवढ्याशा रबरातून रस्त्यात उतरतं. प्रत्येक फेऱ्यात रबर रस्त्याला टेकतं, दबतं, किंचित ताणलं जातं आणि सुटताना सूक्ष्म घसरतं. त्या घसरण्यातच ते झिजतं. ओढण्याचं काम मागच्या चाकाकडे असल्यामुळे तो टायर पुढच्यापेक्षा कितीतरी आधी संपतो.

आता त्याच जागेत निम्मे गुटके आणि निम्म्या खाचा ठेवा. भार तोच, रबर निम्मं. म्हणजे प्रत्येक गुटक्यावर दुप्पट दाब. त्यात गुटका उंच आणि सुटा. जोर लागला की तो मागे कलतो, ब्रेक लागला की पुढे. कलताना त्याची एक कड जास्त घासते आणि काही हजार किलोमीटरांत पुढच्या टायरला करवतीसारखे दाते पडतात. हँडलमध्ये येणारी घरघर तिथूनच येते. मातीत हेच गुटके जमीन धरतात, डांबरावर मात्र स्वतःलाच खातात. आपल्या पठारावर डांबरात घातलेली खडी बहुतेक बेसॉल्टची, कठीण आणि फोडल्यावर धारदार. रस्ता नवा असताना ती टायर चांगलाच घासते. मोठ्या गाडीवरचा मागचा बटण टायर 5 ते 7 हजार किलोमीटरांत उतरतो. रस्त्याकडे झुकलेला टायर त्याच गाडीवर, त्याच हाताखाली, 12 ते 15 हजार सहज काढतो.

एवढ्यावर लेख संपला असता, जर टिकाऊपणा हा एकटाच गुण असता. तसा तो नाही, आणि माझ्या मते टायर घेणारे बहुतेक जण इथेच फसतात.

निव्वळ रबराचा रंग दुधाळ असतो. सुरुवातीचे टायर फिकट रंगाचेच होते आणि लवकर झिजत. 1910 नंतरच्या दशकात रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळण्याची पद्धत रुळली. टायर काळा झाला आणि त्याचं आयुष्य अनेक पटींनी वाढलं. आजच्या टायरमध्ये कोट्टायमच्या आसपासच्या बागांतून किंवा आपल्या दोडामार्ग तालुक्यातल्या झाडांतून निघावा तसला नैसर्गिक चीक असतो आणि कारखान्यात बनलेली कृत्रिम रबरंही असतात. त्यांतलं पॉलिब्युटाडाइन झिजेला फार चिवट, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी. स्टायरीन-ब्युटाडाइन ओल्यात धरतं, पण तेवढं टिकत नाही. टायर बनवणारा या दोन टोकांमध्ये आपली जागा शोधतो. पहिल्याचं प्रमाण वाढवलं, मिश्रण कडक केलं, की किलोमीटरचा आकडा वाढतो. त्याची किंमत पहिल्या पावसात कळते.

ही ओढाताण बरीच सैल केली ती सिलिकाने. 1992 मध्ये मिशेलिनने काजळीचा मोठा भाग काढून त्या जागी सिलिका वापरलेला मोटारीचा टायर बाजारात आणला. सिलिका रबरात सहजी मिसळत नाही. त्यासाठी सिलेन नावाचं जोडरसायन लागतं. पण एकदा ते जुळलं की टायर फिरताना कमी तापतो आणि ओल्या, थंड रस्त्यावर जास्त पकड देतो, तीही झीज फारशी न वाढवता. पुढे मोटरसायकलच्या टायरमध्ये दोन मिश्रणं शेजारी-शेजारी बसवण्याची युक्ती आली: मध्ये कडक, कडांना मऊ. वर सांगितलेला तो सपाट पट्टा आठवा. महामार्गावरच्या स्वाराला मधला भाग चिवट हवा आणि आंबोलीच्या वळणात गाडी कलली की मऊ कड हवी. दोन मिश्रणांच्या टायरला जास्त पैसे मोजावे लागतात. माझ्या मते ते मोजावेत.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैमध्ये त्या घाटात धुकं, शेवाळलेला कठडा, रस्त्यावरून आडवं वाहणारं पाणी आणि ट्रकांनी सांडलेलं डिझेल, सगळं एकाच वळणावर भेटू शकतं. तिथे चालणाऱ्या गाडीच्या टायरला टिकाऊ म्हणायचं ते त्याने 20 हजार किलोमीटर काढले म्हणून नव्हे, तर शेवटच्या दोन-तीन मिलिमीटर नक्षीवरही ओल्यात धरून ठेवतो म्हणून. गोटा व्हायला वर्षानुवर्षं लागतात, पण निम्म्या आयुष्यानंतर पावसात विश्वास वाटत नाही, असा टायर माझ्या लेखी अर्ध्या आयुष्याचाच.

म्हणून दुकानात विचारायचं ते हे. कंपन्या टायरचं वर्गीकरण रस्ता आणि कच्चा रस्ता यांच्या टक्केवारीत सांगतात. कॉन्टिनेन्टलचा टीकेसी 80 उघड गुटक्यांचा. त्याच घरातला टीकेसी 70 बराच रस्त्याकडचा. मिशेलिनचा अनाकी वाइल्ड निम्म्या-निम्म्या वापराचा, तर अनाकी ॲडव्हेंचर 80 टक्के रस्ता आणि 20 टक्के मातीचा. पिरेलीचा स्कॉर्पियन ट्रेल 2 आणि मेट्झेलरचे टूरान्स हेही रस्त्याच्याच कुळातले. आपल्या कंपन्याही या आकारांत उतरल्या आहेत. मुंबईच्या सीएटचे टायर नव्या हिमालयनवर कारखान्यातूनच बसून येतात, आणि त्या कंपनीचे कारखाने भांडुप, नाशिक आणि नागपुरात आहेत. गावापर्यंतचा खडीचा रस्ता, किल्ल्याच्या पायथ्याची लाल माती, स्पितीतला फुटका पट्टा, एवढ्याला 80-20 चा टायर पुरतो. लांबवर ओली काळी माती तुडवायची असेल तरच गुटक्यांचा विचार करावा.

कुठला टायर बसेल हे मात्र गाडी ठरवते. हिमालयन 450 ला पुढे 90/90-21 आणि मागे 140/80-17 लागतो. 390 ॲडव्हेंचर 100/90-19 आणि 130/80-17 घेऊन आली. आकारानंतरचा आकडा आणि अक्षर लोक वाचतच नाहीत. 69एच म्हणजे 325 किलो भार आणि ताशी 210 किलोमीटर वेग. 54 म्हणजे 212 किलो. दोघं जण आणि तिन्ही पेट्या घेऊन निघणाऱ्याने भाराचा आकडा कारखान्याने दिलेल्यापेक्षा कमी कधीच घेऊ नये. डीओटी या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात: 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. जून 2020 मध्ये सरकारने टायरची आयात परवान्याखाली आणली. काही परदेशी आकार तेव्हापासून वेळेवर मिळत नाहीत, म्हणून हाती आलेल्या टायरचं वय बघूनच पैसे द्यावेत. न वापरलेलं रबरही हवेतल्या ओझोनने आणि उन्हाने कडक होतं.

चांगला टायर घेऊन तो अकाली मारायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हवा. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकला की तापतो, तापला की झपाट्याने झिजतो. सगळे सकाळी, टायर थंड असताना हवा तपासायला सांगतात. लडाखला जाणाऱ्याला आणखी एक गणित माहीत हवं. हवा मोजण्याचा गेज आतला दाब बाहेरच्यापेक्षा किती जास्त आहे तेवढंच दाखवतो. मुंबईत 30 अंशांना 32 पीएसआय भरली, तर बाहेरचे 14.7 धरून आत एकूण 46.7 असते. लेह सुमारे 3,500 मीटरवर. तिथे बाहेरचा दाब साडेनऊच्या आसपास. दुपारी चालून आतली हवा 50 अंशांवर गेली की एकूण दाब 49.8 होतो आणि गेजवर 40 दिसतात. स्वार घाबरून 32 पर्यंत हवा सोडतो. तोच टायर पुन्हा मुंबईत सकाळी मोजला तर 24 भरेल. म्हणजे परतीच्या वाटेवर पंजाब-राजस्थानच्या उन्हात, भरल्या पेट्यांसह, तो अर्धपोटी टायर शेकडो किलोमीटर शिजत येतो. वर गेल्यावर दिसणारा वाढीव आकडा सोडून द्यावा, हवा सोडू नये. वाळूत मुद्दाम कमी केली तर डांबर लागताच पंपाने भरून घ्यावी; छोटा पंप पेटीत असलाच पाहिजे.

राहिला प्रश्न टायर कधी बदलायचा. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांपर्यंत, टीडब्ल्यूआयच्या खुणेपर्यंत, नक्षी आली की टायर संपला, हे झालं नियमाचं. कोकणात आणि घाटमाथ्यावर चालवणाऱ्याने तेवढी वाट पाहू नये. मे महिन्यात मागची नक्षी तीन मिलिमीटरवर आली असेल तर तेव्हाच नवा टायर बसवावा, आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर सांभाळून चालवावेत. साच्यातून आलेला नव्या रबराचा पृष्ठभाग निसरडा असतो. उतरवलेला टायर टाकून द्यायचा नाही. तो अंधाऱ्या, कोरड्या जागी, विजेच्या मोटरपासून दूर ठेवावा, कारण मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण ओसरला की तोच पुन्हा चढवून सातारा-कोल्हापूरच्या कोरड्या महामार्गावर त्याची उरलेली नक्षी संपवता येते. टायरवाला दोनदा काढ-घाल केल्याचे पैसे घेईल, तेवढाच जादा खर्च.