नहरेची वाट आणि सोळाशेचं टायमिंग

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलाने 1600 मीटर अंतर 5 मिनिटे 10 सेकंदांत कापलं, तर त्याला 20 पैकी 20 गुण मिळतात. मुलींना 800 मीटर, आणि पूर्ण गुणांसाठी 2 मिनिटे 50 सेकंद. मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यांतले निम्मे मिळाले तरच लेखी परीक्षेचा विचार करायचा. अग्निवीर भरतीतही 1.6 किलोमीटर पळावं लागतं आणि साडेपाच मिनिटांत पळणाऱ्याला 60 गुण मिळतात. विदर्भातल्या खेड्यांत या अंतराला नुसतं ‘सोळाशे’ म्हणतात. ‘सोळाशे किती?’ असं एका पोराने दुसऱ्याला विचारलं, की उत्तर मिनिटांत आणि सेकंदांत येतं.

हे सोळाशे पळायचं कुठे, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

शेतांमधून पळणं म्हटलं, की आता द्राक्षाचे मळे आठवतात. फ्रान्सच्या मेदोक भागात 1985 पासून द्राक्षमळ्यांतून मॅरेथॉन होते. पळणारे नाना वेश घालून येतात आणि वाटेत वाईनचे पेले ठेवलेले असतात. आपल्याकडे तसा मुलूख नाशिकचा. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, त्याच्या आगेमागे गंगापूर धरण, दिंडोरी, विंचूर या पट्ट्यात वाईनरी उभ्या राहिल्या आणि मळे बघायला शहरातून माणसं येऊ लागली. पण मळ्यातली वाट पळणाऱ्यासाठी कुणी केलेली नाही. निर्यातीचा माल खराब न होता पॅकहाऊसला पोचावा म्हणून ती मुरूम टाकून, दाबून, बारमाही केलेली असते. पैसा पिकात असला की वाट धडकी राहते. तिथे पळणाऱ्याला पंचांग मात्र द्राक्षाचंच पाळावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि गोडी छाटणीनंतर डाऊनी-भुरी या रोगांच्या भीतीने फवारण्या सुरू होतात. ब्लोअर चालू असताना त्या ओळींमधून धापा टाकत जाणं शहाणपणाचं नाही. जानेवारी ते मार्च तोडणीचा काळ. तेव्हा वाटेवर गाड्यांची वर्दळ असते.

पण विदर्भातल्या मौद्याला द्राक्ष नाही. छाटणीनंतर द्राक्षाला कोरडी हवा लागते आणि मुळाशी पाणी साचलेलं खपत नाही. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जमीन अशी, की पाणी धरून ठेवलं तरच पीक येतं. म्हणून इथे धान. धानासोबत मिरची. नागपूर-भंडारा महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी वसलेला हा तालुका. शेजारी एनटीपीसीचं 2320 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, त्याच्या चिमण्या कितीतरी गावांच्या शिवारातून दिसतात.

इथल्या पोरांनी पळण्यासाठी जी वाट शोधली ती नहरेची, म्हणजे कालव्याकाठची. पेंच प्रकल्पाचं पाणी कालव्यांनी रामटेक-मौदा भागातल्या धानाच्या बांध्यांपर्यंत येतं. कालव्याच्या पाळीवरून पाटबंधारे खात्याची गाडी फिरावी म्हणून बाजूने कच्चा रस्ता ठेवलेला असतो. कालव्यातलं पाणी पंपाशिवाय, केवळ उतारावर वाहत जायला हवं आणि काठही खचू नयेत, म्हणून इंजिनिअर त्याला अगदी नाममात्र उतार देतात. त्यामुळे काठचा रस्ताही किलोमीटरच्या किलोमीटर जवळजवळ सपाट राहतो. टायमिंग बसवणाऱ्याला याहून चांगली वाट नाही. नाशिकच्या मळ्यांत चढउतार लागतात; त्यांनी पायांत ताकद येते, पण 5 मिनिटे 10 सेकंदांचं गणित सपाटीवरच जुळवावं लागतं. शिवाय मुरमाची माती पायाला सोसते. गावोगाव आता सिमेंटचे रस्ते झाले आहेत. त्यांवर रोज पळणाऱ्याच्या नडग्या दुखायला लागतात, आणि नडगी धरली की भरतीच्या तोंडावर विश्रांती घ्यावी लागते.

हवेतही फरक आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, मौदा तीनशेच्याही खाली. मे महिन्यात नागपूरकडे पारा 45 च्या वर जातो आणि रात्रसुद्धा नीट निवत नाही. म्हणून उन्हाळ्यात पहाटे चारलाच पळायला निघावं लागतं. पावसाळ्यात उष्मा कमी झाला तरी दमटपणा वाढतो. रोवणीच्या दिवसांत चहूकडे बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि घाम अंगावरून सुकत नाही. घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही, तोच वेग जड जातो. जुलैत टायमिंग घसरलं म्हणून खचणाऱ्या पोरांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं. नोव्हेंबरात धान कापणीला आलं की हवा कोरडी होते आणि तीच पोरं तेवढ्याच दमात पुढे निघतात. त्यानंतर मिरचीचा हंगाम. सातऱ्यावर, म्हणजे मिरची साफ करायच्या जागी, बाया वाळलेल्या मिरचीचे देठ खुडत बसतात. त्या बाजूने वारा असला तर खोकल्याने पळणं थांबवावं लागतं. या बायांपैकी कितीतरी जणींचा मुलगा किंवा मुलगी त्याच वाटेवर पळत असते. दिवसभराच्या त्या खोकल्यातून आलेल्या मजुरीवर पोरांचे बूट येतात, हे मी विसरू शकत नाही.

नहर सगळ्याच गावांना जवळ नाही. बाकीच्यांसाठी उरते पांदण. गावातून शेतात जाणारी ही जुनी वाट दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी आवळत आणलेली असते आणि काळ्या मातीची असली तर पाऊस पडताच बैलगाडीसुद्धा रुतते. पांदण बंद झाली की पोरं महामार्गाच्या कडेला येतात. अंधार, भरधाव ट्रक, अंगात गडद टीशर्ट. सरावाला निघालेली मुलं वाहनाखाली आल्याच्या बातम्या राज्यभरातून येतात आणि दोन दिवसांत विसरल्या जातात. मला याची चीड येते, कारण उपाय महाग नाही.

नाशिक जिल्ह्यानेच दाखवून दिलंय की ग्रामीण वाटांवरून कुठवर जाता येतं. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य जिंकलं आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन पळाली. वडाळीभोईच्या संजीवनी जाधवने 2017 मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत 5000 मीटरचं कांस्य घेतलं. दोघींनाही नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला. मौद्याच्या पोरीकडे पाय आहेत, पहाट आहे, पण घड्याळ धरून उभं राहणारं माणूस बहुधा तिची मैत्रीणच असते.

आता त्या स्वस्त उपायाकडे येऊ. राज्याने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. रोजगार हमीच्या निधीतून पांदणी मजबूत करायच्या, अशी ती योजना. तिचा हेतू शेतमालाच्या वाहतुकीचा आहे आणि तो योग्यच आहे. माझी मागणी एवढीच, की ग्रामपंचायतीने आराखड्यात पांदण निवडताना गावाजवळचा सलग, सरळ तुकडा आधी घ्यावा, त्यावर मुरूम नीट दाबून घ्यावा आणि 100, 800 व 1600 मीटरवर चुन्याने रंगवलेला एकेक दगड पुरावा. नहरेच्या रस्त्यावर असे दगड पुरायला पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी लागेल. ती ग्रामसभेच्या ठरावाने मागता येते.