पदवीनंतरची वाट (भाग 6) : लंबकाला जास्तीची ऊर्जा कुठून आली?

बीएस्सीला फिजिक्ससोबत कॉम्प्युटर सायन्स घेणारी बरीच मुलं नांदेड-लातूरकडच्या कॉलेजांत भेटतात. बारावीला लातूर पॅटर्नमध्ये रगडून निघालेली, नीट किंवा जेईईचा आकडा हुकलेली. घरच्यांचं गणित साधं असतं : ‘फिजिक्सनं नाही जमलं तर कॉम्प्युटर आहेच हाताशी.’ म्हणजे एक विषय आवडीचा आणि दुसरा पोटापाण्याचा. एमएस्सी किंवा पीएचडीकडे जायचं असेल, तर ही वाटणी पहिल्या वर्षातच मोडलेली बरी. कशी, ते एका प्रयोगावरून पाहू.

लंबकाचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. स्टॉपवॉच, वीस आंदोलनं, जर्नलमध्ये तक्ता. दोरी 1 मीटरची असेल तर आवर्तकाल सुमारे 2 सेकंद येतो. पण त्यामागचं सूत्र लहान कोनापुरतंच खरं. लंबक 60 अंशांवरून सोडला, तर आवर्तकाल सात टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो आणि तो काढायला सोपं सूत्र नाही. तिथं संगणक लागतो. काळाचे 0.01 सेकंदाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला आधीच्या कोनावरून व वेगावरून पुढचा कोन आणि वेग काढत जायचं. पायथनमध्ये दहा-बारा ओळींचं काम.

आधी हा प्रोग्रॅम ओळखीच्या लहान कोनावर चालवून बघा. लंबक 10 अंशांवर सोडा. दहा सेकंदांनी तो 16 अंशांपर्यंत जाऊ लागलेला दिसेल! कुणी धक्का दिलेला नाही, तरी ऊर्जा अडीचपटीच्या वर गेली. प्रोग्रॅममध्ये एकही एरर नाही. कॉम्प्युटरच्या तासाला दाखवला तर पूर्ण गुण मिळतील. तो चुकलाय हे ऊर्जा अक्षय्यतेचा नियम माहीत असणाऱ्यालाच कळतं. पण का चुकला, याचं उत्तर फिजिक्सच्या पुस्तकात नाही. आपण नवा कोन जुन्या वेगावरून आणि नवा वेग जुन्या कोनावरून काढला. त्यामुळं प्रत्येक पायरीला ऊर्जेत किंचित भर पडली आणि हजार पायऱ्यांत ती साचली. आधी नवा वेग काढून तोच कोनासाठी वापरला, म्हणजे फक्त दोन ओळींची अदलाबदल केली, की ऊर्जा किंचित खालीवर होते, पण वाढत सुटत नाही. मग खुशाल 60 अंशांवर जा.

माझ्या मते फिजिक्स-कॉम्प्युटर या गटाचा सगळा अर्थ इथंच आहे. एक विषय दुसऱ्याची तपासणी करतो. दोन वेगळ्या वह्या ठेवल्या तर ही तपासणी होतच नाही.

हे मोठ्या प्रमाणावर कुठं चालतं ते पाहायला दूर जायला नको. नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे 2,600 कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर. लहर आली की त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. जमिनीच्या कंपनांपासून उपकरणाच्या उष्णतेपर्यंत सगळा गोंगाट त्याच नोंदीत मिसळलेला. मग लहर ओळखायची कशी? दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना लहरीचा आकार कसा असेल, हे सापेक्षतावादावरून आधी काढायचं. असे असंख्य संभाव्य आकार तयार ठेवायचे आणि नोंद प्रत्येकाशी ताडून बघायची. किती आकार ठेवायचे, दोन आकारांत किती अंतर चालेल, संगणकाला ते झेपेल का, हे प्रश्न पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्येच हाताळले होते. लहर प्रत्यक्ष सापडली ती 14 सप्टेंबर 2015 ला. त्या कामातला भौतिकीचा भाग कुठं संपतो आणि संगणकाचा कुठं सुरू होतो, हे सांगणं अवघड आहे.

एमएस्सी-पीएचडीच्या वाटेवरच्या परीक्षा मात्र अजून जुन्या वाटण्या पाळतात. जॅममध्ये फिजिक्सचा पेपर आहे, कॉम्प्युटर सायन्सचा नाही. नेटला भौतिकशास्त्र सीएसआयआरकडे, संगणकशास्त्र यूजीसीकडे. जेस्टमध्ये फिजिक्स आणि सैद्धांतिक संगणकशास्त्र निदान एका छपराखाली आहेत. तरी सीएसआयआर नेटचा फिजिक्सचा अभ्यासक्रम नीट वाचा : समीकरणाची मुळं शोधणं, सिम्प्सनचा नियम, रुंगे-कुट्टा पद्धत, सगळं त्यात आहे. आपल्याकडं मुलं हा भाग ‘ऑप्शनला’ टाकतात आणि कॉम्प्युटरच्या पेपरला तेच पुन्हा पाठ करतात.

म्हणून मेजर फिजिक्स, मायनर कॉम्प्युटर सायन्स असं मिळत असेल तर जरूर घ्या. गणित मात्र सोडू नका. रेषीय बीजगणित आणि विकल समीकरणं दोन्हीकडं लागतात. संगणकातलं सगळं शिकायची गरज नाही. सी किंवा पायथन, डेटा स्ट्रक्चर्स, संख्यात्मक पद्धती आणि लिनक्सवर हात बसलेला, एवढं पक्कं करा. वेबसाइट बनवण्याचा कोर्स नंतरही होतो. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आपल्याच जर्नलमधले तीन-चार प्रयोग प्रोग्रॅमनं पुन्हा करा. उत्तर बरोबर आहे हे कशावरून ठरवलं, ते प्रत्येकाखाली चार ओळींत लिहा. एमएस्सीला प्रकल्प मागायला जाल तेव्हा गुणपत्रिकेसोबत हे पानही पुढं ठेवता येईल.

पुढच्या भागात : जॅमचा फिजिक्सचा पेपर, कुठून सुरुवात करायची.